लेण्यांवरचं कॉन्व्हेंट

त्याच्या आत्याला भेटायला जायचं ठरलं तेव्हा मी धरून चालले होते की तो बरोबर असेल. पण त्या आठवड्यात चाकणच्या कंपनीत त्याला फर्स्ट शिफ्ट लागली आणि सुट्टी मिळाली नाही. आत्या सिस्टर आहे, आणि ती राहते त्या कॉन्व्हेंटमध्ये रविवारी मिसा, म्हणजे चर्चची प्रार्थना असते, पाहुण्यांची वर्दळ असते, म्हणून शनिवारच बरा. "तू आणि मम्मी जाऊन या ना," तो म्हणाला. "आत्या एकदम साधी आहे." साधी माणसं मला जास्त अवघड जातात, हे मी त्याला सांगितलं नाही.

आम्हाला लग्न करायचं होतं. तो कॅथलिक आहे, आम्ही बौद्ध. त्याची आई तो अगदी लहान असताना गेली. तेव्हापासून त्याच्या घरातला शेवटचा शब्द या आत्याचा. ती हो म्हणाली की त्याच्या पप्पांचं काही म्हणणं नसतं. आमच्या घरात शेवटचा शब्द मम्मीचा, आणि तिची एकच अट होती. ती तिने मला स्वयंपाकघरात, लसूण सोलता सोलता सांगितली होती. "माझ्या वडलांनी धर्म सोडला तो स्वतःच्या मनानं सोडला. लोकांसमोर उभं राहून सोडला. तुला जर कुणी लग्नापायी सोडायला लावणार असंल, तर मला आताच सांग. मी त्या दारात पाय ठेवणार नाही."

मी म्हणाले, "तसं काही नाहीये."

तसं काही आहे का नाही, मला माहीत नव्हतं. त्याला मी सरळ कधी विचारलंच नव्हतं. आडून विचारलं की तो म्हणायचा, "आत्या बघेल सगळं." म्हणजे बाप्तिस्मा घे, असं आत्या म्हणाली असती तर एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला मम्मी, आणि मध्ये मी. पप्पांनी या प्रकरणातून स्वतःला सोडवून घेतलं होतं. "तुम्ही बघून या, मग मला सांगा," म्हणून ते सेकंड शिफ्टच्या आधीची झोप काढायला निघून गेले.

सिस्टर लोकांची मला भीती वाटते, हेही एक होतं. माझी सगळी शाळा सिस्टर्सच्या इंग्लिश मीडियममध्ये झाली. त्या वाईट नव्हत्या. पण रागावल्या की ओरडायच्या नाहीत, गप्प व्हायच्या. वर्गाच्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहायच्या, आणि आम्ही सगळ्या आपापल्या मनात आपापला गुन्हा शोधायला लागायचो. मीही तिथेच गप्प राहायला शिकले असेन. चौदा एप्रिलच्या सुट्टीला तुमच्या घरी काय असतं, असं मैत्रिणींनी विचारलं की मी म्हणायचे, "काही नाही, हॉलिडे आहे." खरं तर त्या दिवशी घरी पांढरी साडी, खीर, मिरवणूक, आणि रात्री बसलेला आवाज असायचा. मैत्रिणींपैकी एकीलाही हे कधी कळलं नाही.

शनिवारी आत्यानं जेवायला बोलावलं होतं. पण मम्मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस बांधायची, तिथली बस कुणासाठी थांबायची नाही, आणि रिटायर झाली तरी ती बस तिच्या डोक्यातून गेलेली नाही. लग्नाला ती मांडव घालणाऱ्यांच्या आधी पोहोचते. "ट्रॅफिक लागतं," म्हणून तिने मला भल्या सकाळी आंघोळीला पिटाळलं. रावेतहून स्कूटीवर निघालो. मागे मम्मी, तिच्या मांडीवर पिशवी. जुन्या हायवेवर देहूरोडच्या पुढे ट्रॅफिक अजिबात नव्हतं. त्यामुळे आम्ही टेकडीखाली पोहोचलो तेव्हा जेवणाला भरपूर अवकाश होता.

खालूनच ते दिसत होतं. काळ्या दगडाची लांबलचक बैठी इमारत, मंगलोरी कौलं, मध्ये एक लहानसा क्रूस. आणि तिच्या बरोबर खाली, टेकडीच्या उघड्या कातळात, ओळीने काळी भोकं. ती लेणी. इंग्रजांच्या काळात आलेल्या परदेशी सिस्टर्सनी नेमका याच लेण्यांच्या माथ्यावर पाया घातला, असं त्यानं सांगितलं होतं. वर सपाट कातळ होता आणि भिक्खूंनी खोदलेल्या टाक्यात बारा महिने पाणी होतं. घर बांधायला आणखी काय लागतं? खाली सरकारी खात्याचा निळा बोर्ड होता, इतका गंजलेला की त्यावरचं फक्त 'दंड' एवढंच वाचता येत होतं.

मम्मी बराच वेळ मान वर करून बघत राहिली. "यांनी बरोब्बर आपल्या डोक्यावर बांधलं की गं," ती म्हणाली. मी स्कूटी वर कॉन्व्हेंटच्या फाटकापर्यंत नेली.

फाटक एका तरुण सिस्टरनं उघडलं. माझ्याहून फार मोठी नसेल. मम्मीनं हात जोडले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "जय भीम, सिस्टर."

सिस्टरनं हात जोडले. बोलली मात्र काही नाही. आम्हाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, स्टीलच्या दोन पेल्यांत पाणी आणून ठेवलं आणि पायांचा आवाज न करता निघून गेली.

मम्मी पाणी प्यायली नाही. मी प्यायले, दोन्ही पेले.

मग आत्या आली. मी तिला फोनमधल्या फोटोवरून ओळखलं. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, क्रीम रंगाची साडी, गळ्यात लाकडी क्रूस. मम्मी उठून उभी राहिली. "जय भीम. आम्ही रावेतहून आलो. ही माझी मुलगी."

आत्यानं हात जोडून मान लववली. माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. तोंडातून एक अक्षर नाही. मग हाताने खाली, लेण्यांकडे उतरणाऱ्या पायऱ्या दाखवल्या, आणि वळून आत गेली.

मी मनात आपला गुन्हा शोधायला लागले. लवकर आलो म्हणून? माझा ड्रेस? का ते दोनदा म्हटलेलं जय भीम? मम्मीच्या चेहऱ्यावर मात्र शोधाशोध नव्हती, तिला उत्तर सापडलेलं होतं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "बोलावून घेतलं आन् तोंड उघडंना गेली."

"मम्मी, चल, जाऊया आपण."

"जाऊ की. मी काय इथं मुक्कामाला आले का?" तिनं पिशवी उचलली. "पण एवढं आले तर लेणी बघून जाईन. ती काय ह्यांच्या बापाची आहेत?"

"हळू बोल ना."

"कशाला? त्यांना कुठं बोलता येतंय!"

मी फोन काढला. त्याला लावण्यात अर्थ नव्हता, शॉपफ्लोअरवर फोन नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये वाजत राहिला असता. तरी लावला. वाजत राहिला.

पायऱ्या उतरून गेलो तर खाली एकदम गारवा. पुढचा अर्धा भाग कधीतरी ढासळलेला, खांबांचे नुसते बुडखे उरलेले. पण मागे दालन शाबूत होतं आणि त्याच्या तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या, प्रत्येकीत झोपायला दगडाचा ओटा. समोर तुटका स्तूप. मला वटवाघळांचा वास येईल असं वाटलं होतं. आला तो ओल्या मातीचा. जमीन झाडलेली होती, खराट्याचे फराटे अजून ताजे दिसत होते. भिंतींवर एकही बदाम कोरलेला नाही, एकही नाव नाही. पुण्याच्या आसपास अशी जागा मी पाहिलेली नाही.

मम्मीनं चपला बाहेर काढल्या. पिशवीतून मोगऱ्याची फुलं काढली, मेणबत्ती काढली, आणि काडेपेटी घरीच राहिली म्हणून स्वतःलाच शिवी दिली.

तेवढ्यात मागे चाहूल लागली. आत्या. काखेत चटई. ती आली, स्तूपासमोर चटई अंथरली, मम्मीला हातानं बसायची खूण केली. मग कोनाड्यात हात घालून काडेपेटी काढली आणि मम्मीपुढे धरली. आणि स्वतः बाजूच्या ओट्यावर जाऊन बसली, मांडीवर जपमाळ, नजर खाली. जपमाळेचे मणी तेवढे सरकत होते.

मम्मी काडेपेटी हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग माझ्या कानाशी वाकली.

"अगं," ती कुजबुजली, "हिचं मौन आहे."

"काय?"

"मौन, मौन. आमच्या शिबिरात असायचं तसं. आर्य मौन."

रिटायर झाल्यावर मम्मी दहा दिवसांच्या विपश्यनेला गेली होती. दहा दिवस न बोलता राहायचं, हे ऐकूनच पप्पा हसले होते. परत आल्यावर तिनं प्रामाणिकपणे कबूल केलं होतं की चौथ्या दिवशी आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती बागेतल्या मुंगसाशी बोलली.

आत्याला ती कुजबुज ऐकू गेली असणार. तिनं मान वर केली, जाड भिंगांमागचे डोळे बारीक झाले आणि मान हो म्हणून जोरजोरात हलली. मग तिनं ओठांवर बोट ठेवलं, वर कॉन्व्हेंटकडे हात केला आणि हवेतला दोर ओढून घंटा वाजवून दाखवली. घंटा झाली की बोलू.

माझे खांदे कधीपासून वर चढलेले होते ते मला त्यांच्या खाली येण्यावरून कळलं.

मम्मीनं मेणबत्ती लावली, फुलं ठेवली. आमच्याकडे गृहप्रवेश असो, बारसं असो, त्रिसरण म्हणायला मम्मी पुढे असते, आणि तिचा आवाज बिल्डिंगच्या खालच्या मजल्यापर्यंत जातो. लहानपणी मी तेव्हा खिडक्या लावून घ्यायचे. त्या दिवशी ती मनातल्या मनात म्हणाली. नुसते ओठ हलत होते. दुसऱ्याचं मौन मोडायचं नाही म्हणून माझी आई गप्प बसली, हे दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलेलं नाही.

मीही बसले. पहिली भीती गेली, तिच्या जागी दुसरी आली. मौन सुटल्यावर ही बाई काय बोलणार? कुणास ठाऊक, गप्प आहे तोवरच बरं असेल. घंटा होऊच नये असंही मला मधूनच वाटून गेलं.

घंटा झाली. आत्यानं क्रूसाची खूण केली, गुडघ्यांवर हात टेकवून उठली आणि म्हणाली, "हुश्श! बाई गं, जीभ नुसती खाजत व्हती." मग मम्मीसमोर येऊन हात जोडले. "जय भीम, ताई. तुम्ही दोनदा म्हणालात, आमची दोन्ही राहिली व्हती. हे घ्या दुसरं, जय भीम."

मम्मी इतकी हसली की लेण्यात घुमलं.

"महिन्याचा पयला शनिवार असला का सकाळपासनं मौन असतंय आमचं," आत्या म्हणाली. तिचं बोलणं नगरकडचं, आणि एकदा सुरू झालं की थांबणारं नव्हतं. "बाराला सुटतं, म्हणून तर जेवायला बोलावलं तुम्हास्नी. त्या गाढवानं सांगितलं न्हाई का?"

"आम्हीच लवकर आलो," मम्मी ओशाळून म्हणाली. "ट्रॅफिक लागतं ना."

"आन् तू गं पोरी! काय तोंड केलं व्हतंस! म्हणलं, आता ही भिंतीतच शिरती का काय. मी खाते का तुला?"

"नाही," मी म्हणाले. यावर दोघी पुन्हा हसल्या.

वर जाताना मम्मीला टाकं दिसलं. कातळात चौकोनी खोदलेलं, हिरवट, स्थिर पाणी. तिनं ओंजळ करून वाकायला सुरुवात केली तशी आत्या ओरडली, "अहो ताई, नगा! पोट बिघडंल. हे झाडांना घालतो आम्ही. प्यायला जारचं पाणी येतं."

जेवायला लांब लाकडी टेबल, ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, ठेचा. सकाळची तरुण सिस्टर आता आत्याइतकीच बडबडत होती, तिनं मला विचारलं की स्कूटीचं मायलेज किती. वाढून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि आम्ही तिघीच उरलो. मम्मीनं पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग भाकरी ताटात ठेवली. मला ती खूण माहीत आहे.

"सिस्टर, मला फिरवून बोलता येत नाही."

"मला तरी कुठं येतं? बोला."

"माझ्या मुलीला धर्म बदलायला लागंल का?"

मी ताटातल्या वांग्याकडे बघत राहिले. त्याच्या देठाचं चित्र मला आजही काढून दाखवता येईल.

आत्यानं उलट मम्मीला विचारलं, "तुमचे वडील कुठले?"

"परभणीकडचे. गावकुसाबाहेरचे."

"आमचा आजा नगर जिल्ह्यातला. तोबी गावकुसाबाहेरचाच." तिनं मम्मीच्या ताटात ठेचा वाढला. "गावाच्या विहिरीवर त्याला जाता येत नव्हतं. फादर लोकं आले, त्यांनी शाळा काढली, आजा तिकडं गेला. त्यालाबी कुणी ढकललं नव्हतं. तुमचे वडील थोडे मागनं, दुसऱ्या वाटेनं गेले. ताई, अशा माणसाच्या नातीला मी म्हणू का, की आता तू आमच्यासाठी बदल? मला वर जाऊन आज्याला तोंड दाखवायचंय."

मम्मीनं पदरानं नाक पुसलं. ठेचा तिखट होता, हेही खरं.

"पण तू बोल," आत्या माझ्याकडे वळली. "मघापासनं तुझी आईच बोलतीय. तुला काय पायजे?"

मला कुणी असं विचारलं की मी साधारण म्हणते, काहीही चालेल. हॉटेलात, ऑफिसात, घरात. ते वाक्य तोंडाशी आलंसुद्धा होतं.

"मला आहे तशीच राहायचंय," मी म्हणाले. आवाज फार लहान आला, पण आला.

"मग राहा की," आत्या म्हणाली. "वांगं खा, गार व्हईल."

एवढंच झालं. किती दिवस मी रात्री छताकडे बघत जी वाक्यं तयार करत होते, त्यातलं एकही लागलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी अजून एक भाकरी मागितली, आणि मी परक्या घरी कधी दुसऱ्यांदा मागत नाही.

पण आत्या खोटी गोड बाई नव्हती. हात धुताना तिनंच विषय पुढे काढला. "एक सांगून ठेवते, मागनं म्हणू नका, लपवलं. चर्चमधी लग्न करायचं तर बिशपची परवानगी लागंल. ती त्यानं मागायची. आन् त्याला विचारतील, पोरांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून तू व्हईल तेवढं करशील का? त्याला शब्द द्यावा लागंल. तुला न्हाई, त्याला. तवा पोरांचं काय, ते तुम्ही दोघांनी आधी बोला. चर्च नको, कोर्टात करायचं ठरवलं, तरी मी येणार. पेढे मात्र चांगले ठेवा."

"तुम्हाला चालेल, कोर्टात?" मी विचारलं.

"वाईट वाटंल," ती म्हणाली. "पण जेवल्याबिगर राहणार न्हाई."

निघताना तिनं आम्हाला तिची खोली दाखवली. एक खाट, एक टेबल, एक खिडकी. अगदी खालच्या खोल्यांएवढीच. मम्मीनं भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "शिबिरात मला हिच्याहून मोठी होती." आत्याला त्याचं फारच हसू आलं.

परतीच्या वाटेवर हायवेला एक रसवंती लागली. मम्मी म्हणाली थांब. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो, घुंगरं लावलेला चरक खळखळत होता, आणि रस यायच्या आत त्याचा फोन आला. शिफ्ट सुटली होती.

"मिस्ड कॉल होता तुझा. काय झालं? आत्या काय म्हणाली?"

"बरंच," मी म्हणाले. "चांगलं झालं. तुला एक विचारायचंय, पण आत्ता नको, घरी गेल्यावर..."

"आत्ताच विचार," मम्मी म्हणाली.

"मम्मी, लोक आहेत."

"लोक रस पितायत. एवढं दिवस घरी जाऊन विचारायचं म्हणत होतीस, विचारलंस का? स्पीकरवर टाक."

मी स्पीकरवर टाकला नाही. तेवढं माझं मी राखलं. पण उठून लांबही गेले नाही. शेजारच्या खुर्चीवर एक टेम्पोवाले काका ग्लास ओठाला लावून बसले होते, आणि ते ऐकत आहेत हे मला दिसत होतं, आणि मी विचारलं.

"मुलांचं काय करायचं?"

"कुठली मुलं?"

"आपली."

तिकडे कंपनीच्या गेटावरचा गोंगाट, बसचा हॉर्न. टेम्पोवाले काका पूर्ण वळून बघायला लागले.

"चर्च तुझ्याकडून शब्द घेणार," मी सांगितलं. "मुलांच्या बाप्तिस्म्याचा. माझी मुलं मोठी होऊन काय ते ठरवतील असं मला पाहिजे. तू तो शब्द देणार असशील तर मला आता सांग."

तो गप्प झाला. मला आत्याचं मौन आठवलं नाही, शाळेतल्या सिस्टर आठवल्या नाहीत. मी नुसती वाट पाहिली. मनात कुठलाही गुन्हा शोधला नाही.

"नाही देणार," तो म्हणाला. "म्हणजे, मी पाळणार नसेन तर देऊन काय करू? कोर्टात करू आपण. आत्याला मी सांगतो."

"तिला मी विचारलंय. येते म्हणाली."

"तू विचारलंस?"

"हो. पेढे चांगले पाहिजेत म्हणाली."

तो हसायला लागला, आणि मागून त्याला कुणीतरी "ए भावा, बस सुटतीय, चल," म्हणून हाक मारली. फोन बंद झाला. मम्मी माझ्याकडे बघत होती, तिला अर्धंच ऐकू आलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती मी बोलण्याची वाट बघत गप्प बसली होती.

"कोर्टात," मी म्हणाले. "आणि मुलांचं मुलं ठरवतील."

मम्मीनं दोन्ही ग्लास जवळ ओढले. "मग पप्पांना फोन लाव," ती म्हणाली. "त्यांची सेकंड शिफ्ट उशिरा लागते, अजून बसमध्येच असतील. आणि त्यांना सगळं तूच सांग, मला आता बोलायचा कंटाळा आलाय."